कमी दाबाने

आईकडे त्याला शब्द होता: पानथरी.
"पोराची पानथरी वाढलीय," म्हणायची,
आणि डाव्या बरगडीखाली एरंडाचं पान गरम करून बांधायची.
मला वाटायचं, आत खरंच पानांचे थर असतील,
ओल्या फडक्यात ठेवलेल्या विड्याच्या पानांसारखे.

मग विसरलो. महापालिकेत लागलो, व्हॉल्व्हमन.
पद्मावतीपासून तळजाईच्या पायथ्यापर्यंतचं पाणी माझ्या हातात.
पहाटे साडेचारला रस्त्यातलं झाकण उचलायचं,
टी-चावी खाली सोडायची,
चढावाच्या लायनीला सतरा आटे, खालच्या लायनीला नऊ.
एक आटा जास्त झाला
तर कुणाच्या तरी भिंतीतून पाणी.

त्या पहाटे रक्त आलं.
चावीवर, झाकणावर, माझ्या बुटांवर.
भालेघरे म्हणाला, पान खाल्लं होतंस का रे?
मी पान खात नाही.

ससूनमध्ये पहिल्याने विचारलं: किती घेता?
दुसऱ्याने: कधीपासून घेता?
तिसरा अगदीच पोरसवदा, वही उघडून: क्वार्टर, की जास्त?
सासऱ्यांनी काहीच विचारलं नाही.
जाताना सुलभाला म्हणाले, तू घरी चल.

ती गेली नाही. पण बोललीही नाही, आठ दिवस.

मग तपासणीचा तुकडा आला आणि केंजळे बाई
अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा म्हणाल्या,
"यांचं लिव्हर माझ्यापेक्षा चांगलंय!"
सुलभा डबा विसळत होती. तिने नळ बंद केला.

बाईंनी रिपोर्टच्या पाठीवर बॉलपेनने काढून दाखवलं:
ही लिव्हरकडे जाणारी मोठी शीर,
ह्या आतल्या बारीक फांद्या, बुजत आलेल्या.
ही प्लीहा. फुगून बेंबीपर्यंत आलीय,
हिच्यातून येणारं रक्त सगळं इथेच लोटतंय. समजतंय?
म्हटलं, बाई, पुढे लाइन चोक आहे, मागून इनलेट फुल्ल.
अन्ननलिकेत फुटलं तो कच्चा जोड.
तिथे तुम्ही रबरबँड मारलेत, ते एम-सील झालं.
दाब कसा उतरवणार?
त्या शिकाऊ डॉक्टरांकडे वळल्या: हे लिहून घ्या.

कारण काय, विचारलं.
दर वेळी सापडतंच असं नाही, म्हणाल्या.
आमच्याकडेही असं असतं.
नकाशात नसलेली लाइन, टाकणारा रिटायर होऊन गेलेला.

तीन लशी दिल्या, दोन आठवडे थांबवलं.
ऑपरेशन गुरुवारी ठरलं.
गुरुवारी शहराचं पाणी बंद असतं, दुरुस्तीसाठी.
मला ते बरोबर वाटलं.

सतराशे ग्रॅम भरली.
मनवा जन्मली तेव्हा एकोणीसशे होती, काचेच्या पेटीत.
फोटो दाखवा म्हणालो, तर त्या मुलाने मोबाइलवर दाखवला:
स्टीलचा ट्रे, जांभळट, गुळगुळीत, ओलं.
थर कुठेच नव्हते.
आई असती तर तिला सांगितलं नसतं.

आता खिशात दोन कार्डं.
एक महापालिकेचं. एक सुलभाने लॅमिनेट करून आणलेलं:
या रुग्णास प्लीहा नाही. ताप आल्यास वाट पाहू नये.
साधी कणकण आली तरी ती आधी चपला घालते,
मग थर्मामीटर शोधते.
प्लेटलेट अठ्ठावीस हजार होत्या, त्या पाच लाखांवर गेल्या,
तर आता रक्त गोठू नये म्हणून एक गोळी.
एक आटा इकडे, एक तिकडे.

सासरे दिवाळीला आले. जवळ बसले, अगदी जवळ.
वास घेत होते, असं मला वाटलं.
नसतीलही.

शुक्रवारी सकाळचं पाणी उशिरा आणि कमी दाबाने येतं.
पेपरात छापून येतं, तरी तिसऱ्या मजल्यावरच्या बाई ओरडतातच,
"अहो, धार बघा केवढी!"
मी वर बघतो. चावी जागेवर तशीच.
हात उगाच डाव्या बाजूला जातो, तिथे आता शर्ट सैल आहे.
"येऊ द्या हो," म्हणतो. "येतंय ना."
त्यांना काही ते पटत नाही.
वर बादली आपटते.